गुडघ्याची शिल्लक

पेणला मधुकर मोकलांची पोह्याची गिरणी आहे. गिरणीच्या ओटीवर भाजल्या भाताचा घमघमाट सुटलेला असायचा, आणि त्या घमघमाटात बसून चार शहाणी माणसं रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या हाडामांसाचा भाव करायची. चहा पीत, कांदाभजी खात, अगदी मजेत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि वाटलं असतं तरी भजी काही थांबली नसती.

चौघांत मधूशेठ मोकल हे यजमान. दुसरे म्हात्रेसर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पण आकडेमोडीची खाज न गेलेले. तिसरा टेम्पोवाला अनंता पाटील, ज्याचं मत नेहमी शेवटी बोललेल्या माणसाचं असे. आणि चौथी दमयंती ठाकूर. पापडाच्या कारखान्याची मालकीण, आणि ऐन उमेदीत महाराष्ट्राकडून उजवा कोपरा सांभाळलेली कबड्डीपटू. तिला सगळे दमूताई म्हणत. ती वाद घालायला बसली की बाकीच्या तिघांची दातखीळ बसे.

आता वाद कसला, तर कबड्डीच्या लीगमधल्या आपल्या संघाचा, ‘दर्यासारंग रायगड’चा. काही वर्षांपूर्वी संघ डबघाईला आला तेव्हा मालकांनी निम्मा संघ समर्थकांनाच विकून टाकला. हजारो लोकांनी हिस्से घेतले. हिस्सा घेतला की मत मिळायचं. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाशी किती वर्षांचा करार करायचा, सगळं मतावर. पूर्वी लोक नुसतेच बोंबलायचे, आता बोंबलण्याला वजन आलं. असलं वजन हाती आलं की साध्यासुध्या माणसालाही शिंगं फुटतात.

त्यात ती टिकली आली.

गुडघ्याच्या आत हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात. एकेक अस्थिबंध हजारो बारीक तंतूंचा बनलेला. खेळाडू पळता पळता एकदम थांबला, झटक्यात वळला, की त्यातले काही तंतू तुटतात. तुटताना आवाज होतो, पण तो इतक्या वरच्या पट्टीतला की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. पुण्याच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ बाईंनी तो आवाज ऐकणारी टिकली बनवली, कपाळावरच्या टिकलीपेक्षा जराशी मोठी. ती गुडघ्याच्या बाजूला चिकटवायची आणि विसरून जायचं. तिने ऐकलेल्या आवाजांवरून संगणक त्या गुडघ्याची हुबेहूब प्रत उभी करतो आणि त्या प्रतीला लाखो वेळा चढाईला पाठवून बघतो, की आणखी किती चढायांनी हा अस्थिबंध पुरता तुटेल. जो आकडा येतो त्याला म्हणायचं शिल्लक. आकडा फारसा चुकत नाही.

बाईंचा हेतू देवमाणसाचा होता. शिल्लक कमी दिसली की खेळाडूला बसवायचं, कारण सहा महिने विश्रांती मिळाली तर तंतू पुन्हा जुळतात आणि आकडा परत वर चढतो. कितीतरी पोरांचे पाय वाचावेत म्हणून त्यांनी हे केलं. पण संघवाल्यांनी हिशेब उलटा लावला. शिल्लक किती आहे हे एकदा कळलं, की ती कुणाच्या पदरात पडू द्यायची हेही ठरवता येतं.

पहिला बळी हरयाणाचा दलजीत. भला मोठा, लाजाळू पोरगा, दोन हंगाम त्याने संघाला तारलं होतं. त्याचा करार त्या वर्षी संपणार होता आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात जाणार हे उघड होतं. व्यवस्थापनाने समर्थकांपुढे प्रश्न टाकला. दलजीतला आता विश्रांती द्यायची, की असेल नसेल ती सगळी शिल्लक या हंगामात वापरून घ्यायची? या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी गोंडस नाव दिलं होतं, निचरा. गिरणीत त्यावर तीन संध्याकाळी भांडण झालं. म्हात्रेसर गुण आणि मानधन यांचा भागाकार करत बसले, मधूशेठ ‘पोरगा गरीब आहे हो’ असं पुटपुटत राहिले. मग दमयंती बोलली.

“रस्ता आपण बांधायचा आणि टोल दुसऱ्याने घ्यायचा, हे कुठलं शहाणपण?”

अनंताने मांडीवर थाप मारली. ते वाक्य त्याने समर्थकांच्या गटावर टाकलं आणि ते जिल्हाभर फिरलं. निचऱ्याला प्रचंड मतं पडली. शेवटून दुसऱ्या सामन्यात दलजीतचा गुडघा गेला. तो मॅटवर पडून हिंदीत आईला हाका मारत होता, तेव्हा गिरणीत ‘शिल्लक बरोब्बर जुळली’ म्हणून म्हात्रेसरांच्या आकडेमोडीचं कौतुक चाललं होतं, आणि दमयंती बशीतलं शेवटचं भजं कुणी घेतंय का ते बघत होती. संघ उपविजेता ठरला. दलजीतचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. व्यवस्थापनाने मात्र तो ठराव कायमचा केला, आणि तेव्हापासून प्रत्येक कराराच्या शेवटच्या हंगामात निचऱ्याचं कलम आपसूक लागू होऊ लागलं.

तीन वर्षांनी दर्यासारंगमधला शेवटचा हंगाम प्रणय घरतचा आला.

प्रणय हा दमयंतीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, आणि तेव्हापासून तो मावशीकडेच वाढला. तिच्या अंगणात उन्हात पापड मांडलेले असत, आणि त्या पापडांच्या मधून एकावरही पाय न देता हे पोर पळायचं. त्याची पावलं तिथे तयार झाली. तिने त्याला घडवलं, रागावून रडवलं, तालुक्यापासून लीगपर्यंत नेऊन पोचवलं. आज सगळ्या कोकणात त्याच्या चढाईचं नाव होतं. गिरणीत मात्र तिने त्याच्याबद्दल कधी बढाई मारली नाही. घरचं माणूस आहे म्हणून सूट द्यायची नाही, असा तिचा तोरा होता.

हंगामाच्या मध्यावर तो एका दिवसासाठी घरी आला. जेवण झाल्यावर पाटावरून उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला, आणि ते दमयंतीच्या नजरेतून सुटलं नाही. तिने विचारलं तर आधी हसण्यावारी नेलं, मग पायजमा वर करून टिकली दाखवली आणि मोबाइलवर आकडा दाखवला. त्रेपन्न चढाया. एरवी तो एका सामन्यात पंधरा-सोळा करायचा, आणि पाच सामने बाकी होते. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की जपून खेळलास, शिल्लक थोडी तरी उरवून हंगाम काढलास, तर सहा महिन्यांत गुडघा होता तसा होईल. पुरता तुटला तर मात्र शस्त्रक्रियेनंतर चालशील, चढाई विसर. दोन संघ त्याची वाट बघत होते. तेव्हा एवढंच करायचं होतं, पाच सामने कमी चढाया करून ढकलायचे.

“मग जपून खेळ ना. प्रशिक्षकाला सांग,” दमयंती म्हणाली.

“प्रशिक्षकाच्या हातात नाही गं मावशी. बक्षिसाचा आकडा वर गेला की आमच्या बाकावर दिवा लागतो. ज्याच्या नावाचा लागला त्याने बदली म्हणून उतरून चढाईला जायचं. निचऱ्याच्या कलमात तसंच लिहिलंय. नाही गेलो तर करार मोडला. मग उपचार नाहीत, आणि पुढच्या संघाला मला सोडायचा कागदही नाही.”

इथे बक्षिसाचं जरा सांगायला हवं. रायगडातल्या गावठी सामन्यांत माईकवरून बक्षिसं पुकारायची जुनी रीत आहे. एखाद्याची चढाई आवडली की प्रेक्षक उठून पंचांच्या टेबलाकडे नोट देतो आणि निवेदक ओरडतो, अमक्याच्या चढाईला तमक्यांकडून शंभर रुपये. पुढच्या चढाईवर आगाऊ बक्षीसही लावतात. तो पैशाचा प्रश्न नसतो, मानाचा असतो. आवडत्या खेळाडूला बक्षीस न देता उठून जाणं म्हणजे भरल्या पंगतीत त्याला वाढायचं विसरणं. संघवाल्यांनी ही रीत अलगद उचलली आणि मोबाइलवर बक्षिसाचं बटण दिलं. निम्मं खेळाडूला, निम्मं संघाला. लोक खूश झाले, आपली गावची रीत लीगमध्ये गेली म्हणून. आणि संगणकाला शिकवलं की बक्षीस म्हणजे मागणी. प्रेक्षकांनी मागितलं की माल पुढे करायचा.

दमयंतीला त्या दुपारी आपल्याच तोंडात शेण घातल्यासारखं झालं. कलम कुठून आलं, कुणाच्या वाक्यावर टाळ्या वाजल्या, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? दलजीतच्या आईचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. आता तो तिला दिसायला लागला, आणि आरशात बघावं तसा दिसायला लागला.

संध्याकाळी ती गिरणीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. प्रणयला बक्षीस देऊ नका, कुणालाच देऊ देऊ नका, बटणाला हात लावू नका. तिघं तिच्याकडे अशी बघत राहिली जशी काही तिने घरच्या लग्नात अक्षता टाकू नका म्हटलं होतं. मधूशेठ तर दुखावले. आपल्या घरचं पोर शेवटचा हंगाम खेळतंय आणि त्याला कोरडं पाठवायचं? लोक काय म्हणतील? म्हात्रेसरांनी कागद घेऊन दाखवलं की निम्मी रक्कम प्रणयलाच मिळते, म्हणजे त्यात त्याचा फायदाच आहे. अनंता म्हणाला की शिल्लक आहे तर ती आपल्या संघाने का वाया घालवायची, आणि मग हसत हसत तिचंच टोलचं वाक्य तिला ऐकवलं. त्याला खरंच वाटलं, ताई हसतील.

भाताच्या ज्या वासात तिच्या आजवरच्या संध्याकाळी गेल्या, तो वास तिला सोसवेना. ती निघून गेली.

तिने समर्थकांच्या गटावर ठराव टाकला, निचऱ्याचं कलम रद्द करा म्हणून. आपलं चुकलं हेही लिहिलं, अगदी नाव घालून. उत्तरं धो धो आली. भाचा अडकला तेव्हा कंठ फुटला, असं कुणी लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. कुणी प्रणयच्या गुडघ्याची आणि दुसऱ्या एका चढाईपटूच्या गुडघ्याची तुलना करून दाखवली, बाजारात बोकड बघताना पाठीवरून हात फिरवून बोलतात त्या भाषेत. एकाने विचारलं की गुडघा संपल्यावर त्याला बचावात वापरता येईल का, चवड्याची पकड तर बसून पण करता येते. ही सगळी बायकापोरं असलेली, देवाला हात जोडून कामावर जाणारी माणसं. दमयंतीला एकेक उत्तर वाचताना शिसारी येत होती, आणि शिसारी यायचं खरं कारण हे होतं की हातातला घास खाली न ठेवता तिनेही अशी शेकडो उत्तरं लिहिली होती. ठराव पडला.

ठरावाने एक मात्र झालं. प्रणयची शिल्लक संपत आलीय, हे सगळ्यांना कळलं. आणि लोकांच्या पोटात माया दाटून आली.

द्वेष परवडला, त्याच्याशी भांडता येतं. ही माया भयंकर होती. पुढच्या सामन्यापासून प्रणयच्या नावाने बक्षिसांचा पाऊस पडायला लागला. बिचाऱ्याचा शेवटचा हंगाम, जाता जाता हात भरून जाऊ दे, उपचाराला उपयोगी पडतील. जितकी माया, तितक्या वेळा दिवा. तो आधी करायचा तितक्याच चढाया आता त्याला कराव्या लागत होत्या. दमयंती दारोदार फिरली. लोकांनी तिला चहा दिला, धीर दिला, आणि ती दारातून बाहेर पडायच्या आत तिच्या समाधानासाठी आणखी बक्षीस टाकलं. चौथ्या सामन्याच्या आधी मधूशेठ पेढे घेऊन तिच्या घरी आले. त्यांनी पेणच्या सगळ्या गिरणीवाल्यांना गाठून बक्षिसाची मोहीम काढली होती. तिने त्यांना पुन्हा समजावलं, शब्द सुटे करून करून समजावलं. मधूशेठचे डोळे पाणावले. ते म्हणाले, “ताई, संगणक कितीही झाला तरी त्याला आपल्या मनातलं कळत असेलच ना.” पेढ्यांचा पुडा तिने तसाच कोंबड्यांपुढे उलटा केला.

प्रणयने आपल्या परीने जपलं. मध्यरेषा ओलांडायची, अंतर राखून दोन पावलं टाकायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. तशा चढाईला शिल्लक कमी लागते. पण रिकामा परतला की लोकांना आणखी वाईट वाटे, आणि आणखी बक्षीस पडे. पाचव्या, शेवटच्या सामन्याला तो उतरला तेव्हा आकडा अकरावर होता.

सामना अलिबागला होता, घरच्या मैदानावर. शेवटचा हंगाम म्हणून त्याच्या घरच्यांचा सत्कार ठेवला होता. दमयंतीला मॅटला लागूनच्या रांगेत बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला. गिरणीची सगळी मंडळी मागच्या गॅलरीत होती. मोठ्या पडद्यावर दोन आकडे झळकत होते, वर बक्षिसाचा आणि खाली शिल्लकेचा. एक चढत होता, एक उतरत होता, आणि लोकांना दोन्हीकडे बघून भरून येत होतं.

मध्यंतराला शिल्लक पाचावर आली. दमयंतीने आयोजकांच्या टेबलाकडे जाऊन हात जोडले. तिथल्या तरुणाने आदराने उभं राहून सांगितलं की मॅडम, यात आमचं काही नसतं, लोकांची इच्छा असते. त्याने तिला पाण्याची बाटली दिली. ती मागे वळून गॅलरीकडे बघत दोन्ही हात हलवून नको नको म्हणाली. गॅलरीला वाटलं मावशी आभार मानतेय. हजारो हात उलट हलले.

उत्तरार्धात प्रणयचा चेहरा राखेसारखा झाला. चार. तीन. एका चढाईला त्याला खरंच गुण मिळाला आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. दोन. मग एक. सामन्याचं शेवटचं मिनिट चाललं होतं आणि संघ एका गुणाने मागे होता. लोक उभे राहिले. कुणी रडत होतं, कुणी पोराला खांद्यावर घेऊन बटण दाबायला शिकवत होतं. बाकावर दिवा लागला.

प्रणय उठला. त्याने मावशीकडे बघितलं नाही. मॅटला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि मध्यरेषेकडे चालायला लागला.

दमयंतीने शाल टाकली आणि ती मॅटवर धावली. वय, साडी, पंच, कशाचाही विचार तिच्या डोक्यात नव्हता. माणसाला थांबवायचं कसं हे तिच्या अंगाला एकाच प्रकारे ठाऊक होतं. मध्यरेषेच्या अलीकडे तिने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली, हातात हात गुंतवले आणि सगळं वजन खाली टाकलं.

“मावशी, सोड. लोक बघतायत.”

“नाही सोडणार.”

तिने कमरेची पकड केली होती, आणि ज्याला केली होती त्याने जन्मात पकडी सोडवण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. कमरेला पकड बसली की काय करायचं हे तिनेच त्याला शिकवलं होतं, हजार वेळा, विचार करायची वेळ येऊ नये म्हणून. त्याच्या मनाने काही ठरवायच्या आत त्याचा खांदा खाली गेला, उजवा पाय रुतला आणि अंग गरकन फिरलं.

तो आवाज ऐकायला टिकली लागली नाही. दमयंतीने तो आपल्या हातांत ऐकला.

मैदान एकदम गप्प झालं. पडद्यावर शून्य आलं. प्रणय तिच्या अंगावर कोसळला होता आणि तिचे हात अजूनही त्याच्या कमरेभोवती गुंतलेले होते, तिला ते सोडवताच येईनात. निवेदक गावठी सामन्यांतून आलेला जुना माणूस होता, गप्प माईक त्याला सोसवत नसे. त्याने घसा खाकरला.

“दमयंतीमावशींच्या या पकडीला, पेणचे मधुकर मोकल यांच्याकडून बक्षीस.”

आधी एक टाळी वाजली. मग सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मावशीची माया बघून लोकांना गहिवरून आलं होतं. पडद्यावर तिचं नाव उमटलं आणि नावापुढचा आकडा भराभर वर चढू लागला. तिने मान वर करून गॅलरीभर बघितलं. एकाही तोंडावर दुष्टपणा नव्हता. सगळे डोळे भरून तिच्याकडे बघत होते, भल्या माणसांनी बघावं तसे, आणि तिला त्या प्रत्येक तोंडावर आपलं तोंड दिसलं.

प्रणयचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडले होते. तो काहीतरी विचारत होता म्हणून ती वाकली.

“मावशी, पॉइंट कुणाला दिला गं?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला भडाभडा ओकारी झाली, साडीवर, मध्यरेषेवर. दोन माणसं फडकी घेऊन धावत आली आणि घाईघाईने मॅट पुसायला लागली. अर्धं मिनिट अजून बाकी होतं.